कंपनीची गोळी

घामाचा थेंब गेजवर पडला तेव्हा हनीफ मुलाणीला आधी वाटलं, वरून कुठून तरी पाणी गळतंय. त्यानं मान वर करून पाहिलं. वर पत्रा होता, पत्र्याखाली लोंबणारी ट्यूबलाइट होती, आणि डिसेंबरात गळायला होतं काय? सकाळी थेरगावहून सायकल मारत येताना पवनेच्या पुलावर बोटं आखडली होती, अशी थंडी. मग दुसरा थेंब पडला, आणि तो आपल्याच भुवईवरून निसटला हे त्याला दिसलं. चकचकीत पोलादावर थेंब फुगून बसला होता. हनीफनं तो कापसानं टिपला, तेलाचं बोट फिरवलं, गेज लाकडी पेटीतल्या खाचेत ठेवला आणि हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता. त्याला भीती वाटायला हवी होती. हे त्याला कळलंसुद्धा. पण कळणं एका बाजूला आणि वाटणं दुसऱ्या बाजूला, अशी गेल्या वर्षापासून दोघांची फारकतच झाली होती.

इन्स्पेक्शनच्या टेबलावर घाम म्हणजे गुन्हा. भोकात घालायचा तो गेज म्हणजे पोलादाची एक गुळगुळीत दांडी, तिचं एक टोक भोकात अलगद उतरलं पाहिजे आणि दुसरं उतरता कामा नये. एवढीच परीक्षा. यात अकलेचं काम थोडं, हाताचं फार. ज्याच्या हाताला घाम त्याच्या गेजला गंज, आणि गेज गंजला की माल गेला. चिंचवडच्या बाभळी तोडून कंपनी नवी उभी राहिली तेव्हा एका साहेबानं भरतीच्या पोरांच्या हातात पोलादाची एकेक पट्टी दिली होती. मुठीत धरा म्हणाला. पट्ट्या रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी ज्यांच्या पट्टीवर बोटांचे तांबूस ठसे उमटले ते फाउंड्रीत गेले. हनीफची पट्टी कोरी निघाली. मोशीला जाऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा बाप पोट धरून हसला होता. “आरं, घाम न गाळणाऱ्याला पगार देत्यात व्हय?” बाप गावचा मुलाणी. जत्रेत, लग्नाकार्यात बकरं कापायचा मान त्याचा. सुरी दगडावर घासली की तिची धार तो अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचा, आणि त्या वेळी त्याचा चेहरा कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा व्हायचा. हाच अंगठा हनीफकडे आला होता. गेज भोकात उतरताना अंगठ्याला जे कळायचं ते मोजमापाच्या यंत्रालाही उशिरा कळायचं, असं फोरमन अर्जुनराव चारचौघांत सांगायचे. हल्ली अंगठ्याला काही कळत नव्हतं. गेज आत जायचा, बाहेर यायचा. पास, पास, पास.

“हनीफभाय, घाम?” अर्जुनराव मागं येऊन उभे होते. “ह्या थंडीत?”

“काय न्हाई.”

“ताप हाय का?”

“काय न्हाई, अर्जुनराव. च्या गरम होता.”

“डोळं बघा की तुमचं. माळ्यावरल्या मांजरावानी झाल्यात.” अर्जुनराव हसले, पण जाताना दोनदा वळून बघून गेले.

काय न्हाई. वर्षभर तो हेच सांगत आला होता, आणि लोकांचा त्यावर विश्वास बसत नव्हता, हीच तर पंचाईत होती. दुःख असतं तर बरं झालं असतं. दुःखाला लोक चहा पाजतात. इथं दुःख नव्हतं, नुसतं पुसल्यासारखं झालं होतं. कधी झालं तेही सांगता येत नव्हतं. आणीबाणी उठली, कंपनीच्या भिंतीवरचं ‘बातें कम, काम ज्यादा’ कुणीतरी चुना फासून मिटवलं, गेटवर पोरं गुलाल उधळत नाचली. गुलाल त्याच्याही शर्टावर पडला आणि तो घरी येईपर्यंत त्याच्या लक्षातही आला नाही. ईदला थोरली नवा फ्रॉक घालून समोर गिरकी घेत होती, “अब्बा बघा, अब्बा बघा” करत होती. तो बघत होता. फ्रॉक पिवळा होता. शिवण एका बाजूला ओढली होती. माल पास होता. मग फरीदानं, त्याच्या बायकोनं, पोरीला आत नेलं आणि शिरकुर्म्याची वाटी त्याच्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली. “काय होतंय तुमाला?” “काय न्हाई.” बाई तशी खमकी. पण त्या दिवशी चुलीपाशी पाठ करून बसली आणि तिची पाठ हलत होती. हनीफनं ती पाठ बघितली, वाटी संपवली, वाटी धुतली. आत कुठंतरी ओरडायला हवं होतं. पण आत माणूसच नव्हता तर ओरडणार कोण?

पुण्याच्या डॉक्टरकडे त्याला फरीदानंच नेलं. कुणाला कळू न देता, दर्ग्याला जातोय सांगून. कारण डोक्याचा डॉक्टर म्हटलं की लोकांना एकच ठाऊक, येरवडा. पॅकिंगमधल्या एका गड्याला भावानं तिथं नेऊन आणला होता. गडी बरा होऊन आला, पण कॅन्टीनमध्ये त्याचं नाव कायमचं ‘येरवडा’ पडलं आणि त्याला मशिनला हात लावू देईनात. नोकरी टिकली ती झाडू मारायची. डॉक्टर भला माणूस होता, शांत बोलायचा. पण त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक डेक्कनवरचे बंगलेवाले असावेत. त्यानं एका बाटलीतल्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावून तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, या गोळ्या चालू असताना चीज खायचं नाही. दुसरी, रेड वाइन घ्यायची नाही. इथं फरीदानं पदर तोंडात कोंबला. मोशीच्या मुलाण्याला रेड वाइन! डॉक्टरानं कागदावरचं नावसुद्धा वाचलं नव्हतं की काय! तिचे खांदे हलायला लागले, आणि हनीफ तिच्याकडे बघत राहिला, कारण किती तरी महिन्यांनी तिची हलणारी पाठ रडण्याची नव्हती. त्या बघण्यात तिसरी गोष्ट वाहून गेली. ती अशी होती: माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाचीही गोळी, कुणाचंही इंजेक्शन घ्यायचं नाही. वेळ आलीच तर आधी त्याला या गोळीचं सांगायचं. जिवाशी गाठ आहे. डॉक्टर हे सांगत होता तेव्हा दोघांनीही माना हलवल्या. परतीच्या बसमध्ये फरीदा म्हणाली, “चीज मंजी काय वो?” “साबणाच्या वडीवानी असतंय. सायबाच्या डब्यात बघितलंय.” “तुमी सायबाच्या डब्यातलं खाऊ नका मंग. आन् वाईन तर बिलकुल सोडा आता.” आणि दोघंही बोपोडी येईपर्यंत हसली. कंडक्टरनं वळून बघितलं. तेच त्याचं शेवटचं हसणं.

गोळ्यांनी गुण आला, नाही असं नाही. महिन्याभरानं एका सकाळी चहा चहासारखा लागला. थोरलीच्या वेणीला खोबरेल तेलाचा वास होता हे कळलं. पुसलेल्या पाटीवर आधीच्या अक्षरांचे वळ दिसावेत तसं जराजरा काही दिसू लागलं. पण झोप गेली. डोळे टक्क उघडे ठेवून तो पत्रा बघत पडायचा, आणि फरीदा झोपेतही त्याच्या मनगटावर हात ठेवून असायची. पुण्याला पुन्हा जायचं तर सुट्टी काढा, खोटं सांगा, शिवाय दर्ग्याला माणूस जाणार तरी किती वेळा? कंपनीचा दवाखाना मात्र गेटाच्या आतच होता.

आता इथं कंपनीच्या मालाबद्दल सांगायला हवं. दर महिन्याला कंपनीतून अंगाचा साबण मिळायचा, धूळ खातात म्हणून फाउंड्रीवाल्यांना गूळ मिळायचा आणि त्यातला ढेकूळभर इन्स्पेक्शनलाही यायचा. वर्षाकाठी एक टॉवेल. फरीदा हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. त्या डब्याचं नावच ‘कंपनीचा डबा’. त्यातच दवाखान्याच्या पुड्या पडायच्या. तिथला कंपाउंडर रंगराव मोठ्या बरणीतून गोळ्या काढून जुन्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. नाव नाही, गाव नाही. डोकं दुखो, कंबर दुखो, पुडी हजर. थेरगावच्या त्यांच्या चाळीत शेजारीपाजारीही विचारायचे, “भाभी, कंपनीची गोळी हाय का एखादी?” आणि फरीदा साबणाची वडी द्यावी तशी पुडी काढून द्यायची. फुकट ते पौष्टिक! औषध म्हणजे दुकानातून, पैसे मोजून, बाटलीत येतं ते. पुण्याची बाटली आरशामागच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशी. ती औषध होती. कंपनीची गोळी ही कंपनीची गोळी.

कंपनीचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, घाईत असायचा, पण अडाणी नव्हता. हनीफला त्यानं खुर्चीवर बसवलं, डोळ्यांत बघितलं. “झोप नाही? जेवण? मन लागतं का कामात?” हनीफनं मान हलवली. “उदास वाटतं?” “वाटत काय न्हाई, सायेब.” डॉक्टरानं चिठ्ठी पुढं ओढली. मग म्हणाला, “यावर आता चांगली गोळी मिळते. मन वर येतं, झोपही येते. दुसरं काही औषध चालू आहे का तुमचं? नीट सांगा.” दारात रंगराव उभा होता. रंगरावच्या कानात गेलेलं दुपारच्या जेवणाआधी कॅन्टीनमध्ये पोचायचं, आणि कॅन्टीनमधून गेटपर्यंत. हनीफला झाडू दिसला. पॅकिंगमधला तो गडी दिसला, भिंतीलगत वाकून झाडत जाणारा. “न्हाई,” तो म्हणाला. रंगरावनं पिवळ्या गोळ्यांची पुडी बांधली आणि हात राखून न देणारा माणूस तो, वर सल्लाही दिला. “येकीनं न्हाई झोप आली तर दोन घ्या की, मुलाणी. कंपनीच्या बापाचं काय जातंय?” परवा एक घेतली. काल दोन घेतल्या. आज सकाळी चहाबरोबर पुण्याची एक, आणि रात्री नशिबानं लागलेली झोप पुन्हा यावी म्हणून कंपनीचीही एक.

दहाच्या सुमाराला ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायला लागली. हनीफनं टोपी पुढं ओढली. पाय टेबलाखाली आपोआप हलत होते, थांबवले तर मांड्या ताठत होत्या. समोर ट्रे होता, ट्रेमध्ये ओळीनं भोकं पाडलेले तुकडे. गेज भोकाच्या काठावर टकटक वाजत होता, आत जात नव्हता. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “तबला धरला का काय!” आणि हसू उठलं. हनीफला ते हसू लांबून, पाण्याखालून ऐकू आलं. इंद्रायणीत बुडी मारली की काठावरची पोरं अशीच ऐकू यायची. मोशीचा डोह, बाप काठावर सुऱ्या धूत बसलेला, आणि खाली गार, काळं पाणी. किती गार होतं ते! आता अंगातून भट्टीसारखी वाफ येत होती. शर्ट पाठीला चिकटला होता आणि टेबलावर, गेजवर, पास केलेल्या मालावर टपटप थेंब पडत होते. सगळं गंजणार, त्याला वाटलं. माझ्या हातचं सगळं गंजणार. मग एकाएकी बसमधली फरीदा आठवली. वाईन बिलकुल सोडा आता. डॉक्टरानं तीन बोटं वर केली होती. एक चीज. दोन वाइन. आणि तिसरं? तिसऱ्या बोटात चांदीची अंगठी होती, ती आठवली. बोट हलत होतं. ओठ हलत होते. आवाज नव्हता. काय होतं तिसरं? त्यानं गेज खाचेत ठेवायला हात नेला आणि खाच जागेवर नव्हती. पोलाद फरशीवर पडल्याचा आवाज झाला, कंपनीत कधी होऊ नये तो आवाज, आणि मागोमाग तोही पडला.

इस्पितळ पिंपरीतलं होतं. कंपनीच्या गाडीनं आणलं, अर्जुनरावांच्या मांडीवर डोकं होतं, हे त्याला तुटक तुटक कळत होतं. पायांना झटके येत होते. जबडा मिटला होता आणि उघडत नव्हता. डोकं मागून कुणीतरी पकडीत धरून पिळत होतं. तो कण्हत होता, पण कण्हणं दुसऱ्याच कुणाचं तरी असावं तसं ऐकत होता. फरीदा कधी आली ते कळलं नाही. तिच्या हाताला पिठाचा वास होता. तरुण डॉक्टरीण त्याच्यावर वाकली होती. तिनं त्याच्या हातांवर, पायांवर जखम शोधली. “कुठं लागलं होतं का लोखंडाचं? जबडा असा आहे म्हणून विचारते. धनुर्वाताची शंका येते.” “न्हाई, बाई,” अर्जुनराव म्हणाले, “इन्स्पेक्शनचा मानूस हाय. खरचटत सुदिक न्हाई.” “अंग तर चटका बसतोय इतकं तापलंय. आधी दुखणं कमी करू.” तिनं नर्सला काहीतरी सांगितलं आणि काचेची सिरिंज उजेडासमोर धरली. मग थांबून विचारलं, “काही औषध चालू आहे का यांना?”

फरीदानं अर्जुनरावांकडे बघितलं. एक क्षणच. अर्जुनराव, कंपनीचे अर्जुनराव, टोपी हातात घेऊन उभे. हनीफला पापण्यांच्या फटीतून तिचं ते बघणं दिसलं, आणि त्यातलं सगळं कळलं. तिलाही झाडू दिसला होता.

“न्हाई बाई,” फरीदा ठामपणे म्हणाली. “औशद कसलंच न्हाई. कदी डोकं सुदिक दुखलं न्हाई यांचं.”

तिच्या दृष्टीनं त्यात खोटं एकच होतं, आरशामागच्या बाटलीचं. कंपनीची गोळी तिच्या मनातही आली नसणार, जसा गूळ आला नाही, साबण आला नाही. डॉक्टरीण सुईच्या टोकावरचा थेंब उडवत होती. नर्स दंडाला स्पिरिट लावत होती. ते गार लागलं, तेवढ्याच जागेपुरतं, आणि त्या गार ठिपक्यातून पुण्याची खोली वर आली. टेबल. कागद. अंगठीचं बोट. या वेळी आवाजही आला, शांत, शिकलेला, आणि त्या आवाजाशेजारी पदर तोंडात कोंबून हलणारे फरीदाचे खांदे. दुसऱ्या कुणाचीही गोळी. कुणाचंही इंजेक्शन. जिवाशी गाठ आहे.

न बोलता जीव सोडून द्यावा का, असं त्याच्या मनात आलं. सहज आलं, ट्रे पुढं सरकवावा तसं. बोलायचं तर जबडा उघडा, अर्जुनरावांसमोर उघडा, गेज जाऊ द्या, टेबल जाऊ द्या, उद्यापासून भिंतीलगत वाकून झाडा. आणि न बोलता पडून राहिलं तर? तर सुई येईल आणि पुसलेलं पुसलेलंच राहील. काय न्हाई. मग त्याला भीती वाटली. आधी पोटात, मग छातीत, मग टाळूपर्यंत सरसरत चढलेली साधी, बाळबोध भीती. आपण मरू आणि हिला वाटत राहील की आपल्या ‘न्हाई’नं मेला. भीती वाटतेय याचंच त्याला इतकं नवल वाटलं की त्या नवलाच्या जोरावर त्यानं दात एकमेकांवरून ओढून वेगळे केले.

“दोन,” तो म्हणाला.

“काय? काय म्हणताय?” डॉक्टरीण वाकली.

“दोन गोळ्या. पुन्याची. डोक्याच्या डाक्टरची.” श्वास पुरेना. “आन् कंपनीची. पिवळी. आजबी.”

डॉक्टरीण तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली, आणि सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता. तिच्या ओठाच्या वर घाम आला होता. “पुण्याची गोळी बाटलीतली? कधीपासून?” फरीदा आता रडत रडत सांगत होती. बाटली, डॉक्टर, चीज, वाइन, सगळं एका दमात. “आणि हे मला आत्ता सांगता? अहो बाई, या दोन गोळ्या एकमेकींच्या वैरी आहेत. पोटात एकत्र गेल्या की असाच माणूस पेटतो. आणि हे इंजेक्शन वर दिलं असतं तर...” ती नर्सकडे वळली. “बर्फ आणा. चादरी भिजवून आणा. पंखा लावा. दुसरं काही देऊ नका, मला विचारल्याशिवाय काही म्हणजे काही देऊ नका!” धावपळ सुरू झाली. “आता पंधरा दिवस यांना मनाची कुठलीच गोळी नाही,” ती फरीदाला सांगत होती. “दोन्ही बंद. जे काय आहे ते तसंच काढावं लागेल. समजलं?”

“पर कंपनीचीबी?” फरीदानं विचारलं. तिचा खरोखर विश्वास बसत नव्हता. “ती तर कंपनीची हाय वो.”

अर्जुनराव टोपी बोटांत फिरवत होते. ते हनीफकडे बघत नव्हते, खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत होते. “म्हनजे वर्सभर हे असं,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “सायबाला सांगावं लागंल, हनीफभाय. गेज पडल्याचं तरी सांगावंच लागंल. माझा विलाज न्हाई.” ते वाईट माणूस नव्हते. दारापाशी थांबून त्यांनी कंपनीचा टॉवेल खांद्यावरून काढला, घडी करून फरीदाच्या हातात दिला आणि निघून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात बराच वेळ येत होता. टेबल गेलं, हे हनीफला कळलं. या वेळी ते कळलं तसं दुखलंही, बरगडीखाली, एका जागी. तो दुखण्याच्या त्या जागेवर मन टेकवून पडून राहिला, आणि सुरीची धार बघताना बापाचा चेहरा का तसा व्हायचा हे त्याला उमगलं.

चादर आली. बर्फाच्या पाण्यातून काढलेली, निथळणारी. डॉक्टरीण आणि नर्स, दोघींनी ती त्याच्या उघड्या अंगावर टाकली आणि त्याचा श्वास अडकला. बर्फ काखेत आला, मानेखाली आला. अंग आक्रसलं, रोमरोम उभा राहिला, दात वाजायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते कशाचं होतं कुणास ठाऊक. फरीदा टॉवेलनं त्याचं कपाळ टिपत होती. वर्षभर विचारत होती तेच तिनं सवयीनं विचारलं, उत्तराची वाट न बघता, पुढचा घाम टिपत.

“काय होतंय तुमाला?”

“लई गार लागतंय,” हनीफ म्हणाला.

फरीदाचा हात थांबला. टॉवेल तसाच कपाळावर राहिला.

“काय म्हनलं?”

“गार लागतंय गं. काढ की ती चादर.”

तिनं चादर काढली नाही. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं. ती कडा नीट दाबून बसली आणि मोठ्यानं रडू लागली. “सांगा,” ती म्हणत होती, “अजून सांगा. काय काय होतंय ते समदं सांगा.”